हाताला हात लागेपर्यंत

कुस्तीच्या धंद्यातली माझी बहुतेक वर्षं मार खाण्यात गेली, आणि तेच माझं काम होतं. केबलवर परदेशी पैलवान दिसू लागले, तेव्हा आमच्या वसईतही जोडीच्या कुस्त्यांचे खेळ लागायचे. दोघांविरुद्ध दोघे. एक रिंगमध्ये, दुसरा बाहेर, कोपऱ्याला बांधलेली हातभर दोरी धरून. आतल्याचा हात लागल्याशिवाय बाहेरच्याने आत यायचं नाही. निकाल आधीच ठरलेला. मी मार खायचो, सरपटत कोपऱ्यापर्यंत यायचो, पुन्हा मागे ओढला जायचो. पब्लिक पेटलं की हात लागायचा आणि माझा जोडीदार आत येऊन सगळ्यांना लोळवायचा. टाळ्या त्याला, सूज मला. तरी मला ते काम आवडायचं, खोटं कशाला बोलू.

जोडीदार वसईजवळच्या गास गावचा, घरची भाजीची वाडी. त्याच्या आईने बजावलं होतं, तुझं हे काम एकदा डोळ्यांनी बघेन. पटलं नाही तर मामाबरोबर आखातात जायचं. तो गेला तर आमची जोडी संपणार होती. म्हणून ती बघायला येणार होती त्या पापडी गावातल्या खेळासाठी आम्ही डोकं लढवलं. आईसमोर लेकाला ओरखडाही उठू द्यायचा नाही, सगळा मार मी खायचा.

त्या संध्याकाळी मी जीव ओतून मार खाल्ला. ओठ तर खरोखरच फुटला. पहिल्या रांगेतली त्याची आई उठून उभी राहिली. "अरे, तो मरतोय, जा ना आत!" त्याने हातातली दोरी दाखवली. माझा हात अजून लागला नव्हता.

आम्ही जिंकलो. आईने लेकाकडे पाहिलंसुद्धा नाही. पदराने माझा ओठ पुसत त्याला म्हणाली, "दोस्त मार खातो आनि तू दोरी धरून उभा? असलं काम माझ्या घरात कोन करनार नाय."

धंद्यातली गोष्ट बाहेर सांगायची नसते, तरी मी सांगितली. "मावशी, सगळं ठरलेलं होतं. मला लागलंच नाही."

"त्याला वाचवायला खोटं बोलतोस," ती म्हणाली. ओठातून रक्त येत असताना मी तरी काय पटवून देणार?

तो आखातात गेला. मी दुसरे जोडीदार करून पाहिले, पण कुणाचाच हात वेळेवर येईना. पुढे गुडघा गेला आणि मी भाजीचा टेंपो घेतला. मावशी मला वाडीतली केळी पाठवत राहिली. तो फोनवर हसून म्हणायचा, "आई आधी तुझी चौकशी करते." ते हसू मला बोचायचं.

मावशी गेली तेव्हा तो आला. चर्चमधून दफनभूमीकडे जाताना शवपेटीची पुढची कडी तो कुणालाच देईना. पकड पुन्हा पुन्हा सावरत होता, तरी पुढे आलेल्या प्रत्येकाला मानेनेच नाही म्हणत होता. मी शेजारून चालत होतो. कडी हिसकावून घ्यावी असं सारखं वाटत होतं, पण घेतली नाही. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, त्याने मोकळा हात पुढे केला. मी हात लावला आणि कडी घेतली.

बाहेर उभं राहणं मार खाण्यापेक्षा जड असतं, हे मला तेव्हा कळलं. ते जिला सांगायला हवं होतं, तिलाच आम्ही उचलून नेत होतो.