निखतच्या प्लगइनमधले दुसऱ्याचे शब्द

निखतला मी स्वस्थ बसलेलं पाहिलं, असं आमच्या गल्लीत कोणी सांगितलं तर तो माणूस थापाड्या समजावा. अठरा वर्षांपासून तिची नि माझी भिंत एक आहे आणि भिंतीपलीकडचं ऐकण्यात अमरावतीत माझा हात कोणी धरणार नाही. अर्ध्या दुकानात तिचा नवरा हुसेन कपडे शिवतो, अर्ध्यात ती संगणकावर लग्नपत्रिका जुळवते. हुसेनचा पाय मशीन चालवायला हलतो, निखतचा उगाचच.

सोयाबीनवर उंट अळी उतरली, त्या सालची गोष्ट. पेपरात रोज एखाद्या गावाचं नाव यायचं, आम्ही वाचून पान उलटायचो. निखत उलटत नसे. शेतीचा सल्ला देणाऱ्या वेबसाइटी तिनं धुंडाळल्या, तर भलताच गोंधळ. आपल्याकडचा माणूस किडीला म्हणतो चिकटा, वेबसाइट म्हणते पिठ्या ढेकूण. चिकटा लिहून शोधलं की समोर कोरं पान. मग या बयेनं प्लगइन बनवलं. प्लगइन म्हणजे काय, हे मी तिला तीनदा विचारलं. शेवटी तिनं हुसेनची मशीन दाखवली. "हे वेबसाइट समजा, काकू. अन् हा काज करायचा जादाचा पाय. मशीन दुसऱ्याची, पाय माहा." गावचा शब्द टाकला की पुस्तकी शब्दाचं पान हजर. इंटरनेटवरच्या एका फुकट भांडारात तिनं ते ठेवलं, आणि बघता बघता सव्वीस सल्ला केंद्रांनी उचललं. खाली नाव, निखत हुसेन शेख, अमरावती. ते नाव तिनं मला इतक्या वेळा दाखवलं, की मला माझं स्वतःचं कमी आठवू लागलं.

रोज अकरा वाजता मी तिच्याकडे साखर मागायला जाते. घरात साखर भरपूर असते. त्या सोमवारी गेले तर तिचा पाय टेबलाखाली असा थडथडत होता की कीबोर्ड सरकत होता.

"काय झालं वं?"

"चोर ठरून राहिली मी, काकू."

भांडाराचा माल तपासणारा कोणी पुण्याचा स्वयंसेवक होता. त्याचं पत्र आलं होतं, पुण्याला शोभेल इतकं शुद्ध: आपल्या प्लगइनचा परवाना आणि आतील शब्दसंग्रहाचा परवाना परस्परविरोधी आहेत, शुक्रवारी दुपारपर्यंत खुलासा न आल्यास प्लगइन काढण्यात येईल, कळावे.

कळलं तेवढं सांगते. निखतचं स्वतःचं काम खुल्या परवान्याचं: कोणीही न्या, वापरा, बदला, वाटा, विकासुद्धा. पण आतले चार हजार शब्द तिचे नव्हते. ते मोर्शीकडच्या खुशालरावांचे. हे कृषी सहायक होते, यांनी तीस वर्षं सायकलवर बांधाबांधानं हिंडून शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द वहीत टिपले. प्रणालीच्या, म्हणजे लेकीच्या, लग्नात त्यांनी आलेल्या प्रत्येकाला त्या शब्दांची पुस्तिका दिली. पुस्तिका जुळवली निखतनंच. पुढे तिनं विचारलं, "काका, हे शब्द घेऊ का?" ते म्हणाले, "ने ना बाप्पा, लोकायच्या कामी पडू दे." आपल्याकडे यापुढे कागद लागतो कुठे? आणि पत्रिका जुळवणारीची सवय अशी, की गिऱ्हाइकाची एक ओळ गाळायची नाही. तिनं पुस्तिका पहिल्या पानासकट प्लगइनमध्ये ओतली. पहिल्या पानावर छापलं होतं: सप्रेम भेट, विक्रीसाठी नाही.

"मंग ते ओळ काढून टाक," मी म्हटलं. "पुण्याले काय दिसते?"

"त्यायनं लिहिलेली ओळ मी कावून काढू?"

"साखर दे मंग."

मंगळवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी मोर्शीला निघालो. मी कशाला? तर निखत एकटी गेली असती तर मला सगळं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं असतं. वाटेभर ती तो परवाना मराठीत करून वहीत लिहीत होती, खोडत होती, खिडकी उघडत होती, लावत होती. पुढच्या सीटवरच्या माणसानं अखेर विचारलं, "ताई, परीक्षा हाय का?"

खुशालरावांनी चहा दिला, चिवडा दिला, आणि कागद न वाचताच पेन उघडलं. "कुठं करू सही?"

तिथंच गप्प राहिली असती तर काम झालं होतं. मी तिला चिमटासुद्धा काढला. पण नाही. "आधी आयका, काका. याच्यात लिहिलं हाय, कोणी विकलं तरी चालते."

पेनाला टोपण लागलं. खुशालराव उठले आणि ओसरीत येरझारा घालू लागले. मला वाटलं, आता दोन अस्वस्थ जीव एका छताखाली, छतच हलणार.

"विकू नये मनून छापलं ना मी? मंग?"

"हो काका, पण..."

"आमच्या गावच्या नत्थुजी शेतकऱ्याच्या तुरीचं बी मीच नेऊन देल्लं होतं, बी विकणाऱ्या एका पाकिटवाल्याले. साहेब मनून आला, मी मनलं ने, आपलंच हाय. चार वर्सानं तेच बी पाकिटात आलं. वर लिहून, पुन्हा पेरू नये. नत्थुजीनं मले पाकिट दाखवलं. बोलला काहीच नाही. बोलला असता तर बरं झालं असतं."

चिवड्यातला माझा हात चिवड्यातच राहिला.

निखतचा पायही तेव्हा थांबला. माझ्या डोळ्यांदेखत थांबला. तिनं वही पुढे सरकवली. "त्याच्या खालचं कलम वाचा. विकणारा विकन. पण घेणाऱ्याले तो 'तू देऊ नको, तू बदलू नको' असं मनूच शकत नाही. त्यानं त्यात चार शब्द जोडले तर ते बी खुलेच ठेवा लागते. कुलूप लावलं का त्याचा वाटायचा हक्क संपला. पाकिट करता येते काका, पाकिटाचं तोंड शिवता येत नाही."

"अन् नत्थुजीसारख्याले?"

"फुकट. भांडारात हायच."

"कायद्यात टिकन हे?"

"मी वकील नाही. पण 'विकू नये' एवढ्या ओळीनं कुलूपवाला थांबत नाही, हे तुमीच सांगितलं आता."

ते हसले नाहीत. "सोचतो," म्हणाले आणि वही ठेवून घेतली.

बुधवार, गुरुवार निखतनं मला साखरसुद्धा धड दिली नाही, एकदा मीठ दिलं. खुशालरावांचे शब्द काढलेलं प्लगइन तिनं तयार करून ठेवलं. आत नुसती रिकामी चौकट, ज्यानं त्यानं आपले शब्द भरावे. "हा पाय हाय, पण याले सुईच नाही," ती म्हणाली. "असंच द्या लागन." हुसेननं एका पँटचा एक पाय आखूड शिवला आणि दोष तिच्या पायाला दिला.

शुक्रवारी बाराला आमच्या भागाची लाइट जायची, लोडशेडिंगचा नेम सूर्यापेक्षा पक्का. साडेदहाला खुशालराव स्वतः दारात, बगलेत पुस्तिका. सही केलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला. वर पुस्तिका उघडली, तर पानोपानी लाल शाईच्या रेघा.

"तीनशे अकरा शब्द काढ पोरी. त्यायचे अर्थ मी एका छापील पुस्तकातून उतरवले होते, तेव्हा सोय मनून. ते माहे नाहीत, तर मी तुले देणारा कोण? अन् त्याच्यावर हे शेवटचे साठ, धारणीच्या कोरकू आदिवासी बायायनं सांगितलेले. त्यायले विचारलंच नव्हतं मी."

"मंग त्याचं काय करू?"

"आज काढ. मी धारणीले चाललो, इचारून येतो. हो मनल्या तर त्यायच्या नावानं टाक, माह्या नाही."

मी घड्याळाकडे बघितलं. निखतनं बघितलंच नाही. लाल रेघेचा एकेक शब्द मी वाचायचा, ती काढायची. खुशालराव धारणीच्या वाटेवरची परतवाड्याची बस गाठायला निघूनही गेले. मी पाच शब्द एकदम वाचू लागले तर ओरडली, "एक एक, काकू!" बाराला सहा कमी असताना तिनं शब्दांच्या माथ्यावर खुशालरावांचं नाव, त्यांची नवी परवानगी आणि तारीख लिहून सगळं चढवलं. माल किती चढला ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी सरकत सरकत टोकाला गेली आणि पंखा बंद पडला.

चारला लाइट आली, तेव्हा पुण्याचं उत्तर आलेलं होतं: खुलासा समाधानकारक, प्लगइन कायम, कळावे.

मी टाळ्या वाजवल्या, हुसेननं चहा सांगितला. निखतनं मात्र लग्नपत्रिकांचा फोल्डर उघडला. वेलबुट्टी, मोर, सनई, कलश, चारशेच्या वर नक्ष्या. कोणीतरी सीडीत भरून दिलेल्या.

"काकू, हे मोर कोणाचे असतील?"

हुसेननं कात्री खाली ठेवली. "निखत, रविवारी दोन पत्रिका द्यायच्या हायत. लोकायची लगीनं होऊ दे."

"होऊ दे ना. मी कुठं अडवली?" तिनं पहिला मोर मोठा करून पाहिला, कोपऱ्यात कोणाची सही दिसते का ते शोधू लागली, आणि टेबलाखाली पाय पुन्हा सुरू झाला.