शेठच्या विमानातलं वजन

पूर्णगडचा दाऊद मुंबईच्या एका शेठकडे खानसामा होता. शेठच्या छोट्या खाजगी विमानातून तो रत्नागिरीला आला होता. परतताना सड्यावरच्या धावपट्टीवर वैमानिकाने प्रत्येकाला सामानाचं वजन विचारलं.

"नुसते कपडे आहेत," दाऊद म्हणाला. पेटीत तीस रत्तल सुके सोडे होते.

विमान मागे झुकलेलं बघून, वजन जास्त झालं म्हणून वैमानिकाने सोबत परतणाऱ्या शेठच्या घरच्या आयाला, मैनाला, उतरवलं. तिचा नवरा मुंबईत इस्पितळात होता, तरी ती निमूट उतरली. दाऊदला मान वर करवेना. विमानाचा पंखा फिरू लागला तसा त्याने वैमानिकाचा खांदा धरला. "थांबा, मी खोटं बोललो."

पेटीसकट तो खाली आला. "बस बाय, नवऱ्याला भेट," म्हणाला.

मैना त्याच्याकडे न बघताच विमानात चढली. तेच त्याला जास्त लागलं. पुढे विमानाने निघालेल्या कुणालाही तो वजन खरं सांगायला बजावी. कारण मात्र सांगत नसे.