दुसरा तक्ता

बायको गेल्यानंतर चौदाव्या दिवशी मी बंगळुरूजवळ बोम्मसंद्राला कारखान्यात कामावर गेलो. आमच्याकडे कार्बन मिसळलेल्या प्लॅस्टिकचे काळे तक्ते होतात. वीज सोडली की ते ऊब देतात. जास्त तापले की प्लॅस्टिक फुगतं, कार्बनचे कण एकमेकांपासून दूर जातात आणि वीज आपोआप कमी होते. पण प्लॅस्टिक वितळलं तर कण परत जवळ येतात आणि तक्ता पेटूही शकतो. म्हणून तक्ते आधी बाहेर पाठवून त्यांच्यावर किरणोत्सर्गाचा मारा करून घेतात. मग ते वितळून वाहत नाहीत.

पाठवताना प्रत्येक तक्त्यावर पिवळा ठिपका चिकटवायचा. किरण लागले की तो लाल होतो. मी ठिपका फक्त खोक्यावर लावला. किरणांच्या उपचारानंतर बायकोच्या मानेवर तसेच लाल डाग उठले होते. परत येणारे लाल ठिपके मला सारखे बघवले नसते.

खोकं परत आलं. मी तक्ते टेबलावर काढून ठेवले. तिथेच तुलनेसाठी न पाठवलेले, म्हणजे कच्चे, दोन तक्ते होते. त्यांतलाच एक उचलून मी शहरात एचएसआर लेआउटमधल्या एका माणसाकडे पाठवला, हे तेव्हा कळलं नाही. तो नवजात बाळांसाठी ऊब देणाऱ्या गाद्या बनवतो.

संध्याकाळी अक्कांनी विचारलं, "अण्णा, यातले कच्चे कुठले?" अक्का बेळगावकडच्या, प्रयोगशाळेत माझ्याहून जुन्या.

मी मीटर लावला. थंड असताना सगळ्यांचे आकडे जवळपास सारखेच.

"असं नाही कळणार. ओव्हनमध्ये घाल," त्या म्हणाल्या. "आणि उभा राहू नको तिथं देवळातल्या खांबासारखा!"

एकेक तक्ता तापवला. विजेला होणारा रोध चढायचा आणि वर टिकायचा. एकाच तक्त्याचा चढला आणि धाडकन खाली आला. टेबलावर कच्चा एकच होता.

"दुसरा?" अक्कांनी विचारलं.

टेबलावरचा एक तक्ता तर मीच गादीवाल्याकडे पाठवला होता. मी त्याला फोन लावला. घाईत नंबर दोनदा चुकला.

"गादी कुठाय?"

"आत्ताच शिवून झाली. चालू करून ठेवलीय."

"बाळ आहे का तिच्यावर?"

"नाही हो, चाचणीसाठी बाळाच्या जागी पाण्याची पिशवी ठेवलीय. का?"

"आधी बंद करा! प्लग काढा!"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. अक्कांनी माझं मनगट धरलं होतं. पलीकडे कुणीतरी कन्नडमध्ये ओरडलं, पळण्याचा आवाज आला. मग तो पुन्हा फोनवर आला.

"काढला. खालचं कापड पिवळं पडलंय. साहेब, काय पाठवलंत तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. चूक माझी, हेही. मग रिक्षा करून गादी आणायला निघालो.