काकाला पिढीवरून खाली उतरवण्याची गोष्ट

बांग हाक-ग्यू बहात्तर वर्षांचे, आणि ट्रॅक्टरचे टायर विकणारा उन-सोप अठ्ठावन्नचा. तरी हाक-ग्यू त्याला काका म्हणत, आणि काका त्यांना अरेतुरे करी. कोरियातल्या येचोनकडच्या बांग मंडळींत वयाला कुणी विचारत नाही. एका पिढीतल्या सगळ्यांच्या नावात एक अक्षर ठरलेलं असतं, आणि उन-सोपमधलं 'सोप' हे 'ग्यू'च्या एक पिढी वरचं. संपला विषय.

चौतीस वर्षं हाक-ग्यूंनी टपाल वाटलं. कुत्री चावली, ती विसरले. पण सायकल काकाच्या घरापुढे थांबली की आतून "ए हाक-ग्यू, आज उशीर केलास?" असं येई, ते विसरले नाहीत. सुरुवातीला तर काकांना मिसरूडही फुटलेलं नव्हतं.

निवृत्तीनंतर ते कुलमंडळाच्या सभागृहात दर चौथ्या शनिवारी घराण्याच्या आणि परगण्याच्या इतिहासावर बोलू लागले. मंडळाचा अध्यक्ष अर्थातच उन-सोप. तो पहिल्या रांगेत बसून मन लावून घोरायचा. हाक-ग्यूंना इतिहासाची गोडी होती असं लोक समजत. त्यांना गोडी होती ती काकाच्या वाईटाची. त्यासाठी चार वर्षं डोंगर चढून त्यांनी कबरींच्या दगडांवर कागद ठेवून शाईने ठसे घेतले, आणि एके दिवशी घबाड सापडलं. उन-सोपचा पणजोबा दत्तक गेलेला! दत्तक घ्यायचा तो पुतण्याच्या पिढीतला, हा कुळाचा नियम. इथे घेतला होता नातवाच्या पिढीतला, आणि वंशावळीत गुपचूप मुलगा म्हणून चढवला होता. त्याबरोबर टायरवाल्याचा अख्खा वंश एक पायरी वर जाऊन बसला होता.

नवी वंशावळ पुढच्याच महिन्यात छापायला जायची होती. ती तीस वर्षांतून एकदा निघते. पुढच्या आवृत्तीपर्यंत हाक-ग्यू स्वतःच दगडाखाली गेले असते.

त्या शनिवारी त्यांनी अर्धा तास परगण्यातल्या ओढ्यांवर घालवला आणि मग ठसा भिंतीवर टांगला.

"तर मंडळी, हे दत्तकविधान मुळातच रद्द. उन-सोप माझ्याच पिढीचा. आणि माझ्याहून लहान."

काकाची झोप उडाली. "ए, तू पत्रं वाटायचास की वाचायचास?"

"पत्ते वाचायचो, काका. कोण कुठल्या घरचा ते कळतं त्यातून."

कुळातल्या नव्वदीच्या थोरल्या आजोबांनी चष्मा पुसून ठसा दोनदा वाचला. दगड खोटं बोलत नाही, दत्तक रद्द, असा निकाल त्यांनी दिला. हाक-ग्यूंनी डोळे मिटून घेतले. आता 'दादा' ऐकू येणार होतं.

उन-सोपने मात्र आजोबांना विचारलं, की मग आपला पणजोबा परत कुणाच्या घरी गेला?

आजोबांचं बोट खालच्या ओळीवर आलं. "हाक-ग्यूच्या पणजोबाचा हा सख्खा धाकटा भाऊ."

ती ओळ हाक-ग्यूंनी शंभरदा पाहिली होती. पण दावा साधणारा माणूस वजाबाकीच करत बसतो, बेरीज राहून जाते. इतकं जवळचं नातं म्हणजे घरचाच माणूस, श्राद्धंसुद्धा एकत्र.

उन-सोप उठला आणि कमरेत पार खाली वाकला. वर आला तेव्हा दात दिसत होते.

"दादा, खापरपणजोबांचं श्राद्ध तुमच्याकडेच असतं ना? आम्ही एकवीस जण येऊ. शंभर वर्षांची गैरहजेरी भरून काढायची आहे."

मागच्या रांगेतून हाक-ग्यूंची बायको सुक-नाम बोलली. श्राद्धाचं तळण तळून तळून तिचे गुडघे गेले होते. "अहो, ऐकलंत ना मनासारखं? आता तळायलाही तुम्हीच बसा."

बसले. श्राद्धाच्या दिवशी सकाळपासून तव्यापुढे मांडी घालून माशाचे तुकडे पिठात घोळवत होते, आणि उन-सोप दारात उभा राहून अगदी अदबीने सांगत होता, "दादा, तुमचा हा मासा आतून कच्चा राहिलाय."