पोटावरचं बारीक अक्षर

समोरच्या काकू विजेची कुठलीही वस्तू आधी उलटी करतात आणि चष्मा लावून तिच्या पोटावरचं बारीक अक्षर वाचतात. आमची नवी इस्त्रीही त्यातून सुटली नाही.

अमेरिकेला लेकीकडे निघताना काकूंना फोनच्या चार्जरवर शंभर ते दोनशेचाळीस व्होल्ट दिसलं. तो बॅगेत गेला. मिक्सरवर नुसतं दोनशेतीस होतं.

"तिकडची पिन जोडा की," मी म्हणालो.

"पिन बदलल्यानं होल्टेज बदलत न्हाई. तिकडं निम्मंच हाय."

मिक्सर नांदेडातच राहिला.

काल व्हिडिओ कॉल आला. काकू लेकीच्या ओट्यावर लोखंडी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या आणि तिथल्या दोन शेजारणी वाटी घेऊन उभ्या होत्या. चटणी वाढून झाल्यावर काकूंनी रिकामा खलबत्ता कॅमेऱ्यासमोर उलटा धरला.

"बघ, पोटावर काहीच लिव्हलेलं न्हाई. कुठंबी चालतो."