ओकोकोनबाबांची चौदावी टीप

एबुटे मेट्टाच्या रेल्वे फाटकापाशी कामोरू पेपर विकायचा. विकायचा कसला, वाचायलाच द्यायचा! सकाळी सातपासून फुकट्या वाचकांचा घोळका. त्यातल्या बहुतेकांकडे ओवाटेलचे शेअर होते, कुणाचे पाचशे, कुणाचे हजार. मोबाइलवरून पैसे पाठवायची ही कंपनी. तिचा भाव आज आभाळात तर उद्या गटारात, आणि यांची बोंबाबोंब रोजची.

आकडे मात्र वाचायचे ते ओकोकोनबाबांनीच. रेल्वेच्या हिशेब खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. कंपनीचा निकाल छापून आला की बाबा खालच्या बारीक टिपासुद्धा वाचत. काही वाकडं दिसलं तर सांगत, नाहीतर पेपर घडी करून परत देत. बाबा बोलले नाहीत म्हणजे सगळं ठीक, असं लोकांनी धरूनच चाललेलं. अकरा वर्षांत कामोरूने त्यांच्याकडून पेपरचे पैसे घेतले नव्हते.

त्या मंगळवारी पहिल्याच पानावर होतं, ‘ओवाटेलचा नफा तिप्पट’.

“बघा! मी काय म्हणत होतो?” सुलेमान शिंपी नाचायलाच लागला.

“थांब रे! जाहिरात मिळाली की हे पेपरवाले शेळीलाही घोडा म्हणतील,” कामोरू म्हणाला. “आधी बाबांना बघू दे.”

बाबांनी आतलं पान उघडलं. चौदाव्या टिपेत होतं सगळं. कंपनीने आपली इमारत विकली होती, आणि नफा दिसत होता तो त्या विक्रीचाच. धंदा तोट्यातच होता.

शब्द अगदी ओठांवर आले होते. पण घरी बायको अरित आजारी. तिच्या ऑपरेशनसाठी जमवलेला सगळा पैसा याच शेअरांत अडकलेला. हे सगळे आणि यांचे भाऊबंद एकदम विकायला धावले, तर आपले शेअर घेणार कोण? एकच दिवस. उद्या सांगू. बाबांनी पेपर घडी करून परत दिला, आणि दुपारी चढ्या भावाने सगळे शेअर विकून टाकले.

दुसऱ्या दिवशी ते लवकरच आले. कामोरू हसतच पुढे झाला.

“बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत, म्हटलं आता घाबरायचं कशाला! आमच्या पोरीच्या, रोफियातच्या नर्सिंगच्या फीचे पैसे होते ना, ते सगळे कालच ओवाटेलमध्ये घातले.”

अहो, तेव्हा तरी बोलायचं! भाव अजून चढाच होता. पण बोलायचं म्हणजे काल गप्प का होतो, तेही सांगायला हवं. बाबांनी पेपर उचलून खेळाचं पान उघडलं.

शुक्रवारी दुसऱ्या पेपराने इमारतीचं बिंग फोडलं. मग रोज दहा टक्क्यांनी घसरण, आणि घ्यायला कुत्रंही फिरकेना.

त्याच्या पुढच्या रविवारी कामोरू बाबांच्या घरी आला. हातात गरम अकारा, म्हणजे चवळीची भजी, आणि एक पाकीट.

“तुमचंही गेलं, आमचंही गेलं, बाबा. मनाला लावून घेऊ नका,” तो म्हणाला. “पण आईंचं ऑपरेशन थांबता कामा नये. सगळ्यांनी मिळून चाळीस हजार नायरा जमवलेत.”

बाबांचा हात काही पुढे होईना. बाबांनी शेअर वेळेत विकलेत, हे अरितला ठाऊकच नव्हतं. तिने दोन्ही हातांनी पाकीट घेतलं, डोळे पुसले.

“देव तुझं भलं करो रे बाळा. रोफियातचं कॉलेज सुरू झालं का?”

“पुढच्या वर्षी बघू, आई,” कामोरू म्हणाला.