हर्षालीचा एक टाका

आमच्या राजुरीत अजून सांगतात, की अंजनाकाकूनं पतसंस्थेतली नोकरी सोडली ती सायबाच्या चहात शाई ओतून. गोजरबाईकडून ऐकाल तर अख्खी दौत असते, आणि साहेब निळ्या दातांनी आळेफाट्यापर्यंत पळतो. सांगताना गोजरबाई पदर तोंडाला लावते, डोळे वटारते आणि म्हणते, "माज्या डोळ्यानं बघितलं बया." त्या दिवसांत ती बाळंतपणाला माहेरी होती.

खरं एवढंच, की साहेबांनी निरोपाला शाल-नारळ दिला आणि काकू रडली. शाईचा थेंबही सांडला नाही.

गोष्ट नव्व्याण्णव सालची. हर्षाली नुकती बोलायला लागलेली, सुदर्शन पाळण्यात. काकू दिवसभर पतसंस्थेत टाइपरायटरवर, पोरं सासूकडे, साळुबाईकडे. एका संध्याकाळी काकू कामावरून आली तर हर्षाली आजीच्या लुगड्याआड लपली आणि म्हणाली, "आजी, बाई आली." त्याच आठवड्यात काकूनं राजीनामा टाइप केला. पतसंस्थेत तिच्याशिवाय कुणाला टायपिंग येतच नव्हतं.

घरी बसल्यावर हातांना चैन पडेना. त्यात नणंदेचं लग्न निघालं, म्हणून तिनं तिचं रुखवत केलं. मण्यांचं तोरण, सुपारीचे भटजी, लोकरीची बाहुली, आणि कागदाच्या लगद्याचा लेण्याद्रीचा डोंगर, त्याला काडेपेटीच्या काड्यांच्या पायऱ्या. लग्नात बायका नवरा-नवरी सोडून डोंगर बघायला लोटल्या. पुढच्या लग्नसराईत जुन्नरपासून मंचरपर्यंतच्या नवरीच्या आया काकूच्या पडवीत येऊन बसू लागल्या. काकूच्या यजमानांनी, सावळेरामकाकांनी, दारावर पाटी लावली, 'अंजना रुखवत'. अक्षरं जरा तिरकी आहेत. ते म्हणतात, भिंतच तिरकी हाय.

आता रुखवताची रीत अशी, की टेबल मांडलं की नवरीची मावशी पुढं होते आणि वराकडच्या बायकांना सुरात सांगते, "समदं पोरीनं सोताच्या हातानं केलंय बरं का." सगळ्या मावश्यांचा सूर एकच. 'समदं'वर चढायचं, 'बरं का'वर उतरायचं, मधे श्वास घ्यायचा नाही.

काकूला हे खोटं खपायचं नाही. तिनं नियम काढला. माल न्यायच्या आधी नवरीनं स्वतः पडवीत येऊन बसायचं आणि तोरणाला शेवटचा टाका घालायचा. एक तरी. कुणी रुसायच्या, कुणाच्या आया म्हणायच्या, पोरीच्या हाताला मेंदी हाय, राहू द्या की. काकू माल द्यायची नाही. मग नवरी फुरंगटून बसायची, टाका घालायची, आणि उठताना तोरणाकडे असं बघायची जसं काही सगळं तिनंच केलंय. काकूला तेच पाहिजे असायचं.

हे सगळं हर्षाली उंबऱ्यातून बघत मोठी झाली. उंबऱ्यातूनच, कारण आत यायची बंदी. मणी सांडतील, डिंक लागेल, गिऱ्हाइकाचं हाय. काकूचा तो आवाज आमच्या घरापर्यंत यायचा, "हर्षे, हात नको लावू." ज्या पोरीसाठी नोकरी सोडली तिला जवळ घ्यायला काकूचे हात मोकळे नसायचे, सदा डिंकानं चिकट. सुदर्शन दंगा करून आत घुसायचा आणि मार खाऊन यायचा. हर्षाली शहाणी. एकदा सांगितलं की परत आत गेली नाही.

यंदा हर्षालीचं लग्न ठरलं, मुलगा अवसरी खुर्दचा. काकूनं बाहेरच्या ऑर्डरी बंद केल्या. असलं तोरण मी आजवर पाहिलं नव्हतं, मोत्याचे मोर, चोचीत चोच. शेवटचा टाका तेवढा सोडला, दोरा ओवलेली सुई तशीच ठेवली, आणि एका दुपारी मी तिथंच असताना हर्षालीला हाक मारली.

हर्षाली उंबऱ्यात उभी राहिली. रागानं नाही, पेपर वाचून दाखवावा तशी बोलली.

"लहान असताना हात लावू दिला नाहीस, आई. आता कशाला?"

काकू म्हणाली, "ये की. एकच टाका."

"तू घाल. तुझंच आहे ते."

ती निघून गेली. काकू बराच वेळ मोराची चोच नीट करत बसली, ती आधीच नीट होती.

हळदीच्या दिवशीही सुई तशीच. मी म्हटलं, काकू, तूच घाल ना, कुणाला कळतंय. ती म्हणाली, "मग येवढी वर्षं दुसऱ्याच्या पोरी मी उगंच बसवल्या व्हय?" मी पैज लावली. हर्षाली बसणार, मुंडावळ्या बांधायच्या आधी बसणार. काकू म्हणाली, न्हाई बसायची. हरणारानं आळेफाट्याच्या स्टँडवर मसाला दूध पाजायचं.

लग्नात रुखवताच्या टेबलावर पांढरी चादर, पाच भांडी आणि समई. तोरण पडवीतच राहिलं, सुईसकट. वराकडच्या बायका आल्या, थबकल्या. एकीनं विचारलंच, अंजना रुखवतवाल्या त्या तुमीच ना? काकू हसून म्हणाली, "व्हय. पोरीला सवड न्हाई मिळाली, परीक्षा व्हती." हर्षाली दोन हात अंतरावर उभी होती. तिनं ऐकलं. मुंडावळ्या सारख्या केल्या आणि दुसरीकडे बघितलं.

पाठवणीला दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडल्याही, पण हर्षाली आधी आजीच्या, साळुबाईच्या गळ्यात पडली होती.

परवा पैजेचं दूध पाजायला मी काकूला आळेफाट्याला घेऊन गेले. दुधावर जाड साय होती. तिनं निम्मा ग्लास माझ्याकडे सरकवला.

"मी हरायला पायजे व्हते गं," म्हणाली, आणि गाडी लागली का बघायला उठली.